मोटन हायस्कूलच्या पोरांना नक्की काय पाहिजे होतं?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. पुतणीला बीएडला सेमिनार आहे, विषय मिळालाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सरकारी हायस्कूलचा इतिहास. तिनं व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावचं रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल घेतलंय. यूट्यूबवर सगळे एवढंच सांगत्यात की १९५१ ला पोरांनी संप केला आणि कोर्टात जिंकली. खरं मला एक कळेना, त्यांना नवीन बिल्डिंग पाहिजे होती की गोऱ्या पोरांबरोबर एका शाळेत बसायचं होतं? दोन्ही लिहिलेलं दिसतंय. कुणाला माहिती असेल तर सांगा की.

शहापूरच्या बाई
दोन्ही बरोबर आहे, फक्त आधी बिल्डिंग आणि मग दुसरं. शाळा १९३९ ला बांधली ती १८० पोरांच्या हिशोबानं, १९५१ पर्यंत साडेचारशे झाली. ना जिम ना कँटीन. नवीन बांधा म्हटलं तर काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) शाळा बोर्डानं आवारात लाकडी शेड ठोकले आणि त्याला डांबरी कागद मारला, झाली शाळा! आत एक शेगडी, तिच्याजवळ बसलेला घामाघूम आणि लांबचा कोट घालून कुडकुडतोय, पाऊस आला की छत्री उघडून बसायचं. मी नोकरीला लागले तेव्हा जंगलाकडच्या एका शाळेत होते, जुलैत चौथीची पोरं उचलून तिसरीत बसवायची आणि मधे बादली, त्यामुळं मला छत्रीचं काही नवल वाटलं नाही.

२३ एप्रिल १९५१ ला फोन करून हेडमास्तरांना गावात पाठवलं, की तुमची पोरं तिकडं अडचणीत आहेत म्हणून, आणि इकडं सगळ्या शाळेला हॉलमधे बोलावलं. पडदा सरकला तर स्टेजवर बार्बरा जॉन्स, १६ वर्षांची. तिनं मास्तर लोकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप. मग एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले, ते म्हणाले नुसत्या चांगल्या बिल्डिंगसाठी आम्ही भांडणार नाही, वेगळी शाळा हाच अन्याय आहे असं म्हणायची तयारी असेल तर केस घेतो. पोरं आणि आईवडील हो म्हणाले, २३ मे ला केस दाखल. तुमचं उत्तर इथं आहे बघा.

निपाणीकर
बाईंनी छान लिहिलंय. केस बार्बराच्या नावानं नाही हं, डोरोथी डेव्हिसच्या नावानं आहे, एकूण ११७ विद्यार्थी. १९५४ ला सुप्रीम कोर्टानं वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या, त्या ब्राऊन निकालात ज्या पाच केसेस एकत्र केल्या त्यातली ही एक, आणि विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही एकटीच. गंमत म्हणजे १९५३ ला काउंटीनं नवीन मोटन हायस्कूल बांधून पण दिलं, जे आधी मागितलेलं तेच, खरं वेगळं ते वेगळंच ठेवायला.

यूट्यूबवाले ज्याच्यापुढं बोलत नाहीत ते सांगतो. निकाल लागला तरी टाळत टाळत १९५९ आणलं, आणि आता एकत्र बसवायलाच लागणार म्हटल्यावर काउंटीनं पैसेच द्यायचं बंद केलं, सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्यांनी स्वतःची प्रायव्हेट अकॅडमी काढली. बाकीच्यांची पोरं कुणी नातेवाईकांकडं दुसऱ्या गावात पाठवली, कुणी शेतात कामाला लागली. १९६४ ला सुप्रीम कोर्टानं परत सांगितल्यावर शाळा उघडल्या.

खानापूरकर
पाच वर्षं शाळाच नाही?? म्हणजे पहिलीला जाणारं पोरगं डायरेक्ट अकरा वर्षांचं होणार की ओ. आणि त्या बार्बराचं काय झालं?

शहापूरच्या बाई
घरच्यांनी भीतीनं तिला अलाबामातल्या माँटगोमेरीला काकांकडं पाठवलं, व्हर्नन जॉन्स, तिथल्या एका चर्चचे पाद्री, ज्यांच्यानंतर त्या चर्चमधे मार्टिन ल्यूथर किंग आले तेच. पुढं ती ग्रंथपाल झाली, १९९१ ला वारली. २०२० मधे वॉशिंग्टनच्या कॅपिटलमधनं व्हर्जिनियानं दिलेला जनरल लीचा (यादवी युद्धात गुलामीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेचा सेनापती) पुतळा काढला आणि त्याच्या जागी हिचा ठरवला. जुन्या शाळेत आता म्युझियम आहे.

चिकोडी एक्सप्रेस
सेमिनारला सुरुवात फुल्यांनी करा, १८७३ ला त्यांनी गुलामगिरी अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलंय.

निपाणीकर
अहो ते सगळेच घालतात, मास्तर झोपतील. शेगडी आणि छत्रीनं सुरू करा.

खानापूरकर
पुतणीला सगळं पाठवलं, धन्यवाद. तिला एकच विचारायचंय, हेडमास्तरांना फोन कुणी केला?

शहापूरच्या बाई
पोरांतल्याच एकानं, आवाज बदलून 😄