मदत हवी आहे: बार जेमतेम ३८ झालेत, तरी पंप ॲक्शन बंदूक झिजते कशी?

मंडळी, मी निवृत्त हवालदार. गेली आठ वर्षं बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर बंदूकधारी रक्षक आहे. बंदूक माझ्याच परवान्यावरची, १२ बोअर पंप ॲक्शन (नळीखालचा दांडा मागेपुढे ओढला की पुढचं काडतूस भरलं जातं), चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) ७० मिमी. मेक मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष बनावटीचा की माझ्या वापराचा हेच अजून ठरलेलं नाही. बांधणी साधारण जुन्या रेमिंग्टन ८७० च्या धर्तीची: पोलादी बॉडी, पंपाच्या लाकडी दांड्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या, नळीखाली चार काडतुसांचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायचं नळकांडं.

आठ वर्षांत ३८ बार, सगळे सरावाचे, वहीत तारखेनिशी लिहिलेले. नळी आतून लख्ख आहे. बोल्टचं, म्हणजे मागून चेंबर बंद करणाऱ्या भागाचं, तोंड नव्यासारखं. म्हणजे बार करून जिथे झीज व्हायला हवी तिथे काहीच नाही. झीज आहे ती भलत्याच जागी:

मॅगझिनच्या नळकांड्याची डावी बाजू दांड्याखाली चार बोटं लांबीची पांढरी पडली आहे. उजवीकडचा काळा रंग शाबूत. दोन्हीकडे सारखी घासली असती तर मी लक्षही दिलं नसतं, पंप ॲक्शनमध्ये तेवढं घासतंच.

नळी बॉडीत जिथे शिरते तिथे खालच्या अंगाला चंद्रकोरीएवढा चमकता डाग आहे. नळीच्या खालच्या कड्यावर, मॅगझिनची टोपी टेकते त्या जागीही तसाच. पुसलं की चिंदीवर तांबूस-काळा चिखल येतो. तेल लावून ठेवतो, चार दिवसांनी पुन्हा तोच.

आणि ज्याने माझी झोप उडाली ते हे: महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी बंदूक खाली, म्हणजे रिकामी, करताना दांडा ओढला की मॅगझिनमधून एकाच्या जागी दोन काडतुसं निघतात आणि बॉडीत अडकून बसतात.

पलटणीत असताना असलं काही दिसलं की हत्यार सरळ कोतात (हत्यारांच्या कोठीत), आर्मररसमोर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्यासमोर. इथे कोत नाही. एका दुकानात दाखवली, त्यांनी वरवर बघून "जुनी झाली, बदला" म्हटलं. बदलायला ना नाही, पण कारण कळल्याशिवाय नवीही अशीच झिजेल. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आहे आणि हत्यार दाखवावं लागणार आहे. गाडीत माझ्या भरवशावर ड्रायव्हर आणि रोकड मोजणारी दोन तरुण मुलं बसतात. कुणी अशी झीज पाहिली आहे का?

प्रतिसाद १

साहेब, मला बंदुकीतलं कळत नाही, मी कारखान्यात फिटर आहे. पण तांबूस-काळा चिखल ओळखीचा आहे. दोन पोलादी भाग एकमेकांवर घट्ट बसायला हवेत आणि बसत नसले, की हादऱ्याने बारीक थरथरतात. धातूची पूड झडते, गंजते, तेलात कालवली जाते. बेअरिंगची बसक सैल झाली की आम्ही हेच पाहतो. तुमची नळी बॉडीत हलते आहे. ती आवळणारा भाग कोणता, तो तपासा. आणि गाडीत बंदूक कशी ठेवता तेही लिहा.

प्रतिसाद २

दादा, फिटरभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. आमच्या घरात तीन पिढ्या बंदूक दुरुस्तीचा परवाना आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या बांधणीत नळी आवळून धरते ती मॅगझिनची टोपी. जुन्या धाटणीत टोपीच्या आत बारीक खाचा असतात आणि नळीच्या कड्यात स्प्रिंगवर बसवलेली छोटी गोळी (झाडायची नव्हे, बेअरिंगमधल्यासारखी). गोळी खाचेत टेकली की टोपी आपोआप फिरत नाही. जुनं तेल वाळून गोळी आत अडकली, की टोपीला धरणारं काही राहत नाही. बार झाला न झाला, गाडीचे हादरे पुरतात. पडताळायचं असेल तर बंदूक रिकामी करून, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करून, टोपी हाताने पूर्ण आवळा आणि टोपी व कडं यांवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा. संध्याकाळी बघा.

दोन काडतुसं निघणं हा वेगळा आजार आहे, पण मूळ तुमच्या दिनक्रमातच असावं. मॅगझिनच्या तोंडाशी, दांड्याच्या पट्ट्यांहून वेगळ्या, दोन पट्ट्या असतात, एक काडतूस सोडते, दुसरी मागच्याला थोपवते. तुम्ही खाली करताना दांडा ओढून एकेक काडतूस काढता ना? चार काडतुसं आणि तपासणीचा एक, रोज दांड्याचे पाच फेरे. वर्षाला ३०० दिवस धरले तर आठ वर्षांत १२,००० फेरे झाले. बार ३८, फेरे १२,०००. शिवाय काडतुसं तीच ती. त्यांच्या बुडाची कड पाहा, टोचे पडलेले असतील, आणि ते टोचे पट्टीला कानशीसारखे घासतात.

यापुढे दांडा ओढून खाली करू नका. आधी चेंबर रिकामं असल्याची खात्री, मग बंदूक उलटी धरून खालच्या तोंडातून बोटाने पट्टी दाबा, काडतूस मॅगझिनमधून सरकत हातात येतं. जिवंत काडतूस चेंबरकडे जातच नाही. पट्टी बदलणं मात्र घरी करू नका. ती बॉडीत ठोकून पक्की केलेली असते, चुकीच्या जागी ठोकलं तर बॉडी जाते. तोवर ही बंदूक ड्यूटीवर नेऊ नका, कळकळीने सांगतो.

धागाकर्ता

दोघांचे उपकार. आजचा दिवस लिहितो.

सकाळी तुम्ही सांगितलं तशी रेघ मारली आणि बंदूक रिकामी ठेवून गाडीत नेहमीच्या जागी उभी केली. माझ्या जागी दुसरा रक्षक होता. संध्याकाळी रेघ तुटलेली! टोपी दोन खाचा सरकली होती. गोळी आत रुतून बसली होती, रॉकेलमध्ये भिजवून काडीने दाबत राहिलो तेव्हा तासाभराने हलली. आता टोपी फिरवली की कट्‌ कट्‌ आवाज येतो. आठ वर्षांत हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

डाव्या बाजूचंही कळलं. गाडीत मी बंदूक दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरतो आणि ती नेहमी डावीकडेच कलते. दांड्याचं सगळं वजन त्या एका अंगावर, खड्ड्याखड्ड्याला. मुख्य अपराधी हा कल आणि सैल टोपी, असं मी धरून चाललो आहे. जाड कापडाचं एक खोगीर शिवून घेतो, दांडा हलणार नाही असं.

काडतुसं पाहिली. खडकीची शक्तिमान, आठांपैकी सहांच्या कडेला टोचे, एकाचं तोंड पार दबलेलं. सगळी बाजूला काढली. पट्टी दाबून खाली करायचं नकली काडतुसांवर वीसेक वेळा केलं, पहिल्यांदा बोट अडखळलं, मग बसलं. पलटणीत पंप ॲक्शन कधी हातात आली नव्हती. इथे नोकरीवर घेताना कुणी दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही, ही चूक माझी.

पट्टीचं काम गुरुवारी, परवाना असलेल्या कारागिराकडे. तोवर बंदूक घरी कुलुपात. कंपनीला लेखी कळवलं आहे. जुनी पट्टी परत मागून घेणार आहे, तिचा फोटो इथेच टाकतो. गाडीवर असलेल्या बाकीच्या भावांनी आज रात्री टोपीवर रेघ मारून पाहा आणि काय दिसतं ते इथे लिहा.