दिंडोरीच्या शिराझमध्ये वायनरीला नेमकं काय हवं असतं?

कादवाकाठ: ‘दिंडोरी रिझर्व्ह’ शिराझमुळे (शिराझ म्हणजे लाल वाइनची द्राक्षजात) तालुक्याचं नाव बाटलीवर गेलं. पण टेबल द्राक्षाची बाग सांभाळणाऱ्याने वाइनचा माल घ्यायचा तर काय बदलावं लागतं? डॉगरिज खुंटावर (ज्या मुळाच्या झाडावर द्राक्षाचं कलम करतात तो खुंट) रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, हे खरं का?

गोडीछाटणी: आधी हवा समजून घ्या, भाऊ. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा थंडी वाढत जाते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढत जातं. थंड रात्री आम्ल राखतात, मार्च तापला की मॅलिक आम्ल (द्राक्षातलं एक नैसर्गिक आम्ल) भराभर घटतं. म्हणून गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, फार लांबवू नका. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला उरकली तर फुलोरा परतीच्या पावसात सापडतो आणि डाऊनी (बुरशीचा रोग) घड खाते.

जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवायला घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं, पूर्ण बंद. रंग आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) सालीत असतं. मणी फुगवला की रसाच्या मानाने साल कमी पडते. टेबल द्राक्षाची ही सवय सुटायला सगळ्यात अवघड जाते.

पीएचमीटर: डॉगरिजबद्दल ऐकलंत ते खरं आहे. तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो, पण पालाश (पोटॅशियम) जास्त उचलतो. पालाश टार्टारिक आम्लाशी बसून क्षाररूपाने तळाशी जातो आणि पीएच चढतो. लाल वाइन सालीसकट आंबते, सालीत पालाश जास्त, म्हणून शिराझला हा त्रास अधिक. नवी लागवड असेल तर 110 आर खुंट बघा. जुन्या बागेत देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) केल्याशिवाय पालाशचं खत टाकू नका.

पीएच इतका महत्त्वाचा का, तर 3.4 ला वाइन टिकवणारा मुक्त सल्फर डायऑक्साइड 32 पीपीएमच्या आसपास पुरतो, 3.8 ला तेवढ्याच संरक्षणासाठी सुमारे 80 लागतो. लिटरला 1 ग्रॅम टार्टारिकने पीएच साधारण 0.1 उतरतो. ते आंबवण्याआधी घालावं, नंतर घातलं तर चवीला वेगळं टोचतं.

कादवाकाठ: म्हणजे 23 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आले की तोडणी, एवढं पुरेसं नाही?

पीएचमीटर: नाही. 20 ब्रिक्सपासून दर दोन-तीन दिवसांनी नमुना घ्या. बागभरातून 100 मणी, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून आणि खालून. नुसते उन्हाकडचे मणी घेतले तर ब्रिक्स फसवतं. बी तपकिरी झालेली हवी. हिरवी असेल तर टॅनिन कडवट.

गोडीछाटणी: आणि तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत. क्रेट शिगोशीग भरू नका, खालचे मणी फुटून रस सुटला की वाटेतच रानटी यीस्ट आणि ॲसिटिक (व्हिनेगरसारखं आंबणं) सुरू होतं. दिंडोरीचा खरा फायदा इथे आहे: बाग आणि टाकी यांच्यात फार अंतर नाही, सकाळचा माल दुपारच्या आत क्रशरला लागतो. क्रेट दुपारभर उन्हात राहिले तर हा फायदा तिथेच संपतो.