स्ट्रिंग आणि व्हेरिएबल: भाषेने काटेकोर असावे की समजूतदार?

अर्धविराम (धागाकर्ता)

प्रोग्रामरच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून प्रोग्रामिंगच्या भाषेने व्हेरिएबलचा (माहिती साठवणाऱ्या नावाचा) टाइप, म्हणजे ती माहिती संख्या आहे की मजकूर हा प्रकार, परस्पर बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी कारणांसह विरोध करावा.

जावास्क्रिप्टमध्ये पाच हा अंक असलेली स्ट्रिंग (मजकूर म्हणून साठवलेली अक्षरांची रांग) आणि तीन ही संख्या यांच्यामध्ये अधिक चिन्ह घातले, तर दोन्ही अंक शेजारी चिकटवलेली स्ट्रिंग मिळते. त्याच जागी वजा चिन्ह घातले, तर मुकाट्याने दोन हे उत्तर येते. पायथॉन दोन्ही वेळा टाइप एरर दाखवून थांबते. वेब फॉर्ममधून आलेली किंमत मुळात स्ट्रिंगच असते, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही: चुकलेली बेरीज कुठेही न अडखळता डेटाबेसपर्यंत पोचते आणि मग शोधाशोध भलत्याच फंक्शनमध्ये सुरू होते. पीएचपीमध्ये तर शून्याची तुलना कोणत्याही बिगर-आकडी शब्दाशी दोन बरोबर-चिन्हांनी केली की उत्तर 'खरे' येत असे. २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ते बदलावे लागले, यातच सारे आले.

रिकामी_जागा

पीएचपीचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. त्या भाषेत स्ट्रिंग जोडायला टिंब आहे आणि बेरजेला अधिक चिन्ह, त्यामुळे तुमची पाच-तीनची बेरीज तिथे बिनचूक आठ येते. जावास्क्रिप्टचा दोष एकाच चिन्हावर दोन कामे लादण्यात आहे; उदारपणाला त्यासाठी का झोडपावे?

शिवाय टाइप जाहीर करायला लावणारी भाषा सुरक्षित असते, हा समज सी भाषेने कधीच खोटा ठरवला आहे. तिथे प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप लिहावाच लागतो, पण स्ट्रिंग म्हणजे शून्य ही किंमत असलेल्या बाइटपाशी संपणारी बाइटची रांग, आणि तिची लांबी सोबत कुठेही नोंदलेली नसते. १९८८ च्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवरून आपोआप पसरलेल्या प्रोग्रामने) फिंगर या, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरकाव केला तो, इनपुट किती लांब आहे हे न पाहता ते बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक आकाराच्या जागेत) ओतणाऱ्या गेट्स या फंक्शनमुळेच. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला टाइपच्या शिस्तीत जखडून नेमके काय साधते?

तिरकी_रेघ

दोघेही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत आहात. टाइप कधी तपासला जातो हा एक प्रश्न. तो किती सहज बदलू दिला जातो हा दुसरा. पायथॉनमध्ये टाइप जाहीर करावा लागत नाही, तरी ती रूपांतराबाबत कडक आहे. सीमध्ये जाहीर करावा लागतो, तरी वरची पाच-तीनची बेरीज तिथे कंपाइल होते (यंत्राच्या भाषेत उतरते), कारण स्ट्रिंगच्या जागी पॉइंटर, म्हणजे तिचा मेमरीतला पत्ता येतो आणि तो तीन घरे पुढे, म्हणजे थेट स्ट्रिंगच्या हद्दीबाहेर सरकतो. कंपायलर फार तर इशारा देतो.

माझ्या मते खरी कसोटी लांबीची आहे. 'पाणी' या शब्दाची लांबी विचारा: गो भाषेचे लेन फंक्शन १२ सांगते, कारण ते यूटीएफ-८ चे (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीचे) बाइट मोजते, पायथॉन ४ सांगते, कारण काना आणि वेलांटी हे तिच्या दृष्टीने स्वतंत्र कोड पॉइंट (युनिकोडमधील वेगळा क्रमांक असलेली चिन्हे) आहेत, स्विफ्ट २ सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. पायथॉनमध्ये हीच स्ट्रिंग उलटी करा, म्हणजे वेलांटी सर्वांत पुढे निराधार लटकते आणि काना 'ण'ला जाऊन चिकटतो. एरर मात्र येत नाही.

रिकामी_जागा

म्हणजे स्विफ्टचा समजूतदारपणाच श्रेष्ठ ठरला. वाचणाऱ्याला दोन अक्षरे दिसतात, भाषा दोनच मोजते आणि आतल्या बाइटची उठाठेव आपल्यावर येत नाही.

अर्धविराम (धागाकर्ता)

असे म्हणता येणार नाही. स्विफ्टमध्ये 'तिसरे अक्षर द्या' असे साध्या आकड्याने मागताच येत नाही, कारण तिथवर पोचायला सुरुवातीपासून चालत जावे लागते, आणि हा खर्च ती भाषा लपवत नाही. रस्ट तर त्याहून कडक आहे: आकड्याने एक अक्षर मागणारी ओळ कंपाइलच होत नाही आणि बाइटच्या हिशेबाने तुकडा कापताना कोड पॉइंट मधोमध चिरला गेला, तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो. मला हाच काटेकोरपणा अभिप्रेत आहे.

रिकामी_जागा

मग हेही सांगा. देवनागरी '५' असलेली स्ट्रिंग पायथॉनच्या इंट फंक्शनला दिली, तर ते विनातक्रार पाच ही संख्या देते, तर जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन 'ही संख्या नाही' म्हणून हात झटकते. इथे तुमची कडक भाषा उदार निघाली आणि उदार भाषा कडक!

अर्धविराम (धागाकर्ता)

मुद्दा चोख आहे, पण तिथे रूपांतर प्रोग्रामरने स्वतः मागितले आहे. माझा आक्षेप न मागता होणाऱ्या रूपांतराला आहे. जाता जाता, असे इनपुट आधी तपासायचे असेल तर पायथॉनमधील इझडिजिटवर विसंबू नये, इझडेसिमल वापरावे. वर्ग दाखवणारा वरचा लहान दोन इझडिजिटच्या चाचणीत उत्तीर्ण होतो आणि पुढच्याच ओळीत इंट फंक्शन त्याच्यावर व्हॅल्यू एरर देते.