घ्यायची वसई, मग आधी ठाणं का? असा विचार कॅडेट्समध्ये रुजवायचा कसा?

खाडीकाठ (ठाणे):
मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, एनसीसीही बघते. माझे कॅडेट कवायतीत पक्के आहेत, नकाशा वाचतात, काही जण सीडीएसला, म्हणजे लष्करी अधिकारी होण्याच्या परीक्षेला, बसणार आहेत. परवा विचारलं, चिमाजी अप्पांना पोर्तुगीजांकडून वसई घ्यायची होती, तर मार्च १७३७ मध्ये घाव ठाण्यावर का घातला? तारीख सगळ्यांना पाठ, कारण एकालाही सांगता आलं नाही. टेकडी कशी जिंकायची हे अकादमीत शिकवतील. पण कुठली टेकडी आणि कशासाठी, हा विचार कधी सुरू होतो? फौजेतल्यांनी सांगावं.

निवृत्त कर्नल, वसंत विहार:
मॅडम, आमच्याकडे यासाठी ‘अ‍ॅप्रिसिएशन’, म्हणजे परिस्थितीचा लेखी विचार, लिहून घेतात. आधी उद्दिष्ट, एका वाक्यात. मग जमीन, वेळ, दोन्हीकडचं बळ, शत्रूपुढचे मार्ग, आपल्यापुढचे मार्ग, शेवटी योजना. तरुण अधिकारी थेट योजनेवर उडी मारतात. मी शिकवायचो तेव्हा निम्मा वेळ त्या पहिल्या वाक्यावरच घालवायचो.

मुलांना कळवा पुलावर न्या. किल्ल्यात आता कारागृह आहे, पण खाडी दिसली तरी पुरे. ठाणं ज्यावर आहे ते साष्टी बेट होतं आणि पोर्तुगीजांचं ठाण्याचं बांधकाम तेव्हा अपुरं होतं, एवढंच सांगा. पुढचं अजिबात नाही. प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या. निम्म्यांना पोर्तुगीज कप्तान करा, ते फार महत्त्वाचं. पानं हातात आल्यावर मग सांगा, की १७३७ मध्ये वसईवरचे हल्ले फसले, किल्ला पडला मे १७३९ मध्ये, आणि त्याच वर्षी जानेवारीत मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले होते. कुमक जिथून निघायची तिथेच शत्रूला गुंतवलं. मुलांपैकी किती जणांच्या पानावर गोवा आहे, ते बघा.

ऐरोलीकर:
कर्नलसाहेब, थोडं वेगळं मत. नव्या लेफ्टनंटला आपली प्लाटून सांभाळायची असते. मेजर असताना वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, पुढे महूचा हायर कमांड कोर्स, ब्रिगेडियर झाल्यावर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज (एनडीसी), असे टप्पे विचार करूनच ठेवलेत. फार आधी मोठं चित्र दाखवलं तर हातातलं काम कच्चं राहतं.

निवृत्त कर्नल, वसंत विहार:
टप्पे हवेतच. पण पंधरा-वीस वर्षं फक्त हुकूम झेललेला माणूस एका कोर्सने बदलत नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात आशुगंजचा पूल उडवलेला होता, समोर मेघना नदी. आपले जनरल सगतसिंग यांनी ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरने जवान पलीकडे उतरवले, कारण नजर नदीच्या पार ढाक्यावर होती. लष्करप्रमुख माणेकशॉंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारला युद्ध आत्ता नको म्हणून सांगितलं. पावसाळा तोंडावर होता आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होणार होत्या, म्हणजे चीनची काळजी कमी. असं वर तोंड करून बोलायचं धाडस कॅप्टन असतानाच यावं लागतं. ज्या युनिटमध्ये ‘सर, हे कशासाठी?’ विचारलेलं खपत नाही, तिथे पुढे चांगला जनरल घडणं मला कठीण वाटतं.

खाडीकाठ (ठाणे):
धन्यवाद सर. येत्या रविवारी नेते. ओहोटीला नेऊ का, म्हणजे चिखल दिसेल?

निवृत्त कर्नल, वसंत विहार:
भरतीलाही थांबा. होड्या कधी सोडायच्या, हे त्यांचं त्यांना ठरवू दे.