बायॉप्सी बिनाइन (कॅन्सर नसलेली) आली पण गाठ तशीच आहे, एमआरआय करू की सहा महिने थांबू? (मदत हवी आहे)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच. विषय नाजूक आहे पण घरात धड कोणाशी बोलता येत नाहीये.

वय ४४, नाशिक, पाळी अजून नियमित. डाव्या स्तनात वर, काखेकडे बोराएवढी गाठ लागली, दुखत बिखत नाही. मॅमोग्राफीत गाठ दिसलीच नाही, 'डेन्स ब्रेस्ट' (स्तनाचा टिश्यू दाट) एवढंच लिहून दिलं. सोनोग्राफीत मात्र १८ मिमीचा भाग दिसला, कडा स्पष्ट नाहीत, बायरॅड्स ४ए (थोडा संशय असलेली श्रेणी), म्हणून सोनोग्राफीत बघत बघत ट्रूकट बायॉप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) केली. रिपोर्ट असा: 'बिनाइन ब्रेस्ट टिश्यू विथ स्ट्रोमल फायब्रोसिस, नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी' (म्हणजे साधा टिश्यू, त्यात तंतू वाढलेले, कॅन्सर दिसला नाही).

सर्जन म्हणाले कॅन्सर नाही, निवांत राहा, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू. ते म्हणजे थेट दिवाळीनंतर. फॅमिली डॉक्टर म्हणतात एमआरआय करून टाका, शंका नको. अहो म्हणतात रिपोर्ट चांगला आलाय ना मग कशाला उकरत बसायचं. आणि सासूबाईंचं वेगळंच, गाठीला सुई लावली की पसरते म्हणे, त्यामुळे बायॉप्सी केली हेच त्यांना पटलेलं नाही.

मला रिपोर्टवर विश्वास ठेवायचाय हो, पण कॅन्सर नाही तर मग ही गाठ आहे तरी कसली हे कोणीच सांगत नाहीये आणि हाताला ती रोज लागतेय. घरात ब्रेस्ट कॅन्सर कोणाला नाही. एक मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली, पण त्याचा इथे संबंध नसावा. एमआरआयने कळेल का? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

तुळशीमंजिरी

गोदाकाठ, आधी एक मिठी. मलाही गाठ होती, बायॉप्सीत फायब्रोअ‍ॅडिनोमा (साधी, कॅन्सर नसलेली गाठ) आला, नंतर सोनोग्राफ्या करत राहिले, आकार तेवढाच राहिला, विषय संपला. पण माझ्या रिपोर्टात गाठीचं नाव होतं, तुमच्यात ते नाहीये हे मलाही खटकलं. जाणकार सांगतीलच.

सह्यकडा

माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत, लेप देतात, त्याने गाठ विरघळते असं ते म्हणतात. हवं तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

काचपट्टी

@सह्यकडा, गाठ कसली आहे हेच कळलेलं नसताना लेप कशावर लावायचा? असो.

गोदाकाठ, मी पॅथॉलॉजीत काम करते. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमचा प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. बायॉप्सीनंतर एक पायरी असते ती बऱ्याचदा राहून जाते: सोनोग्राफीत जे दिसलं आणि सुईत जे आलं ते एकमेकांशी जुळतंय का. जुळलं तर कॉन्कॉर्डंट, नाही तर डिसकॉर्डंट. गोल, गुळगुळीत कडांची गाठ आणि रिपोर्ट फायब्रोअ‍ॅडिनोमा, हे जुळलं. पण कडा अस्पष्ट, हाताला लागणारी १८ मिमीची गाठ आणि सुईत नुसता साधा टिश्यू, तर सुई गाठीच्या बाजूने गेली असंही असू शकतं. असेलच असं नाही हं, स्ट्रोमल फायब्रोसिसमुळेही अशी गाठ लागते. पण हे ठरवायचं कोणी? ज्यांनी सुई घातली त्या रेडिओलॉजिस्टनी, रिपोर्ट हातात घेऊन. त्यांच्याकडे जा आणि विचारा की सुई गाठीच्या आत असतानाचा फोटो आहे का, तुकडे किती घेतले, जागेवर खुणेची क्लिप ठेवलीय का, आणि कॉन्कॉर्डंट की डिसकॉर्डंट ते लेखी द्या.

जुळत असेल तर सर्जन म्हणतात ते बरोबर, सहा महिन्यांनी सोनोग्राफी, मग पुढे ठरेल. मधे वाढली, त्वचा ओढली गेली, निपलमधून रक्त आलं तर थांबायचं नाही. जुळत नसेल तर मात्र सहा महिने थांबायचंच नाही, परत बायॉप्सी, शक्यतो जाड सुईची व्हॅक्यूमवाली (ओढून मोठे तुकडे घेणारी), किंवा सरळ गाठच काढून तपासायची.

एमआरआय वाईट नाही, डेन्स ब्रेस्टमध्ये मॅमोग्राफीपेक्षा जास्त दाखवतो. पण तो निरुपद्रवी गोष्टीही उजळ दाखवतो आणि मग नवीनच शोधाशोध सुरू होते. शिवाय संशयाची जागा असेल तर एमआरआय नॉर्मल आला म्हणून बायॉप्सी टळत नाही. करायचाच झाला तर पाळीच्या दुसऱ्या आठवड्यात करतात, कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून औषध) देतात म्हणून किडनीचा काही त्रास असेल तर आधी सांगायचं.

मावशीचं मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. ओव्हरी आणि ब्रेस्ट दोन्हीचा धोका वाढवणारी बीआरसीए जीन्स असतात आणि ती घराण्यात चालत येतात, त्यामुळे नातेवाईक आईकडचे की बाबांकडचे हा प्रश्न नाही, रक्ताचं नातं आहे एवढं पुरे. त्यावर एमआरआयचा निर्णयही बदलू शकतो.

सासूबाईंना सांगा, सुईने कॅन्सर पसरतो या भीतीने बायका तपासणी लांबवतात, नुकसान त्यानेच होतं.

गोदाकाठ

काचपट्टी, किती नीट सांगितलंत! आज जाऊन आले. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी फोटो परत काढून बघितले, म्हणाल्या सुई कडेला दिसतेय, मला हे जुळतंय असं लिहिता येणार नाही. सर्जनशी त्या स्वतःच बोलल्या, व्हॅक्यूम बायॉप्सी पुढच्या आठवड्यात. मावशीचं ऐकून जेनेटिक काउन्सेलिंगची चिठ्ठीपण दिली. भीती वाटतेय पण आधीसारखी अधांतरी नाही. एक राहिलं, जुन्या बायॉप्सीच्या काचा दुसरीकडे दाखवायच्या असतील तर लॅब देते का?

काचपट्टी

देते. अर्ज करून स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागा. ब्लॉक महत्त्वाचा, त्यातून नवीन काप घेता येतात. पोचपावती देऊन घ्यायचं, उन्हात ठेवायचं नाही, मेण वितळतं. टाटाला परळला दाखवणार असाल तर तिथेही हेच मागतात. नवीन रिपोर्ट आला की लिहा.