सूर्य पाठीमागं, तरी बायांची तोंडं उजळ कशी? (फिलिपिनो चित्रकार आणि एका अंगाईबद्दल विचारायचं आहे)

कलाशिक्षक_केज

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. धाकटी बहीण कुवेतला नर्स आहे आणि तिच्या खोलीत फिलिपाइन्सची एक नर्स राहते. मागच्या महिन्यात बहिणीनं त्या बाईच्या भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. "दादा, तुझ्या कामाचं आहे बघ," एवढंच लिहिलं होतं.

चित्रात गुडघाभर चिखलपाण्यात भात लावणाऱ्या बाया आहेत. ऊन त्यांच्या पाठीमागून येतंय. डोक्याच्या रुमालाला, खांद्याला, कोपराला कडेनं पिवळी रेघ उमटलीय, जशी पितळी तांब्याला कडेनं चमक येते तशी. खाली सही आहे, अमोर्सोलो.

मी तो फोटो वर्गात मोबाइलवरच फिरवला. एलिमेंटरीला बसणाऱ्या लेकरांचं स्मरणचित्र सगळ्यांना माहीत आहे. दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, त्याच्या काड्या, आणि पुढं उभी माणसं एका रंगात भरलेली. पण आठवीतल्या एका मुलीनं फोटो बराच वेळ हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "सर, सांच्याला आई रानातून येताना मी फोटो काढला तर तिचं तोंडच दिसत नाही, नुसतं काळं येतं. ह्या बायांच्या पण मागंच सूर्य आहे की. मग ह्यांची तोंडं कशी दिसायलीत?" एवढा नेमका प्रश्न मला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

दुसरं असं, की बहिणीची दोन वर्षांची लेक आमच्याजवळ असते. रात्री व्हिडिओ कॉल लावला की मागून ती मैत्रीण काहीतरी गुणगुणत असते आणि आमचं रडणारं लेकरू त्या सुरावर गप होतं. शब्द कळत नाहीत, 'दुयान' असं काहीतरी ऐकू येतं. ते गाणं कुणाचं? आणि ह्या चित्रकाराविषयी कुणाला माहिती आहे का? आम्ही वर्गात रविवर्मा सांगतो, मग एकदम पिकासो. मधला सगळा आशिया राहूनच जातो.

दर्यावरचा_नांदेडकर

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून जेवण अर्धं ठेवून लिहायला बसलो. मी सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. कंधारकडचा माणूस, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. जहाजावर निम्मे लोक फिलिपिनो. आमच्या एका चीफ कुकच्या केबिनमध्ये अमोर्सोलोचंच चित्र होतं, मासिकातून कापलेलं. घर सोडून जाणारा माणूस तेच सोबत का नेतो, ते तुम्ही सांगितलेल्या भिंतीवरून कळतंच.

फर्नांदो अमोर्सोलो, जन्म १८९२, मनिला. लहानपण गेलं दाएत नावाच्या गावाकडं. अकराव्या वर्षी बाप गेला आणि आई सगळ्यांना घेऊन मनिलाला आपल्या चुलतभावाच्या आसऱ्याला आली. तो भाऊ म्हणजे फाबियान दे ला रोसा, स्वतः नावाजलेला चित्रकार. आई भरतकाम करायची आणि पोरगा जलरंगातली पोस्टकार्डं दहा-दहा सेंताव्होंना विकायचा. पुढं एका श्रीमंत आश्रयदात्याच्या पैशावर तो माद्रिदला शिकून आला. १९२२ साली त्यानं भातलावणीचं चित्र केलं. ते पोस्टरांवर, पर्यटनाच्या पत्रकांवर इतकं छापलं गेलं की फिलिपाइन्स म्हटलं की तेच डोळ्यांपुढं यावं. १९७२ च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि चारच दिवसांनी 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब त्याच्या नावानं जाहीर झाला. देशातला तो पहिलाच.

आता तुमच्या मुलीचं उत्तर. बायांच्या पायाखाली काय आहे ते तिला परत बघायला सांगा. पाणी आहे! मागून आलेलं ऊन चिखलपाण्यावर पडतं आणि तिथून विखरून वर तोंडावर येतं. म्हणून तोंड काळंही नाही आणि भगभगीतही नाही, हनुवटीखालून उजळलेलं आहे. तिची आई येते ती कोरड्या काळ्या ढेकळांतून, ती जमीन सगळा उजेड पिऊन घेते. मोबाइलचा कॅमेरा तर मागचं आभाळ बघून बाकी सगळं दाबूनच टाकतो. एक पांढरी चादर अंथरून कुणालातरी चादरीकडं तोंड आणि उन्हाकडं पाठ करून उभं करा, काय होतं ते लेकरं स्वतः बघतील.

माझी एक तक्रार आहे त्याच्याबद्दल, ती पण सांगतो. माझ्या मायनं दुसऱ्याच्या रानात खुरपलंय. दिवसभर वाकलेल्या बाईच्या कंबरेचं काय होतं ते मला माहीत आहे, आणि अमोर्सोलोच्या बायांना कंबर दुखताना दिसत नाही. पण युद्धात जपान्यांनी मनिला घेतली, शेवटी शहर जळालं, तेव्हा ह्याच माणसानं जळती घरं आणि रडणाऱ्या बाया रंगवल्या. त्याला दुःख दिसत नव्हतं असं नाही.

मनिलाला बोट लागली तेव्हा कुकनं मला ओढून राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. तळमजल्याच्या मोठ्या दालनात हुआन लुना ह्या फिलिपिनो चित्रकाराचं 'स्पोलियारियम' आहे. साधारण चौदा फूट उंच, पंचवीस फूट रुंद. रोमन आखाड्यात मेलेले योद्धे दोरांनी ओढत तळघरात आणलेत. उजवीकडं कोपऱ्यात एक बाई जमिनीवर बसून रडतीय. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. १८८४ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि त्याचाच देशबांधव फेलिक्स इदाल्गो, त्याला रौप्य. स्पेनच्या गुलाम देशातली दोन पोरं मालकाच्या राजधानीत जाऊन पदकं घेऊन आली. त्या आनंदाच्या जेवणात फिलिपिनो लेखक होसे रिसाल बोलला, तोच ज्याला स्पेननं १८९६ मध्ये गोळ्या घातल्या. ओढलेल्या प्रेतांमध्ये फिलिपिनो लोकांनी आपला देश बघितला.

पण लेकरांना सांगताना हेही लपवू नका. ह्याच लुनानं १८९२ मध्ये पॅरिसला संशयावरून बायकोला आणि सासूला गोळ्या घालून मारलं. कोर्टानं पुढच्या वर्षी सोडून दिलं. चित्र मोठं आहे म्हणून त्या दोघींचा जीव लहान होत नाही.

गाण्याचं मला ओळखता येतंय, पण सुरांचं कुणी जाणकार सांगेल.

पायपेटी_परभणी

दुयान म्हणजे झोळी, पाळणा. ते गाणं 'सा उगोय नांग दुयान', झोळीच्या झोक्यात. सर, तुमच्या बहिणीची मैत्रीण लेकरासाठी म्हणते खरं, पण गाण्यात बोलतो तो मोठा झालेला माणूस. आईजवळचे ते दिवस सरू नयेत, परत तिच्या झोळीत निजावं, असं तो म्हणतो. आमच्याकडं ऊसतोडीच्या फडात बाभळीला लुगड्याची झोळी बांधतात, त्यातली लेकरं मोठी होऊन हेच म्हणतील.

चाल लुसियो सान पेद्रो यांची (१९१३ ते २००२). आई गुणगुणायची त्या सुरांतून ती आली. शब्द लेवी सेलेरियो यांचे. हा माणूस झाडाचं पान ओठाला लावून अख्खी गाणी वाजवायचा, आपण पिंपळपानाची पिपाणी करतो ना, तसलं. दोघंही पुढं राष्ट्रीय कलावंत झाले.

सान पेद्रो मनिलाच्या पूर्वेला अंगोनो गावचे. मोठ्या तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांचं गाव. आजोबा गेल्यावर हा पोरगा पोरवयातच देवळात ऑर्गन वाजवायला बसला. त्याच गावात त्यांचा भाऊबंद कार्लोस फ्रान्सिस्को, सगळे बोतोंग म्हणायचे. त्यानं मनिलाच्या नगरभवनासाठी देशाचा सगळा इतिहास लांबलचक भित्तिचित्रांत मांडला, तो आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढ्याशा गावातून एक चित्रकार, एक संगीतकार. आपल्या पैठणला, आंबेजोगाईला हे नवीन वाटणार नाही.

तुम्हाला ऐकायचंच असेल तर तिकडचे 'कुंदिमान' ऐका. प्रेमाची विनवणी असते, तीन मात्रांची चाल. फ्रान्सिस्को सांतियागो आणि निकानोर आबेलार्दो ह्या संगीतकारांनी ह्या लोकगाण्याला मैफलीत आणलं. गंमत अशी, की सुरुवात उदास सुरात आणि शेवट उजळ सुरात. पेटीवर करून बघा. काळी दोनचा सा धरा, आधी कोमल गंधार, कोमल धैवत घेऊन आळवा आणि मग अर्ध्यातून दोन्ही शुद्ध करा. मी काल रात्री आबेलार्दोचं 'नासान का इरोग' ऐकत तेवढी जागा पाच-सहा वेळा वाजवली. गंधार चढतो तिथं खोलीत कुणीतरी दिवा लावल्यासारखं होतं. तुमच्या चित्रातल्या हनुवटीखालच्या उजेडासारखंच हे आहे बघा. आबेलार्दो अवघ्या एक्केचाळीस वर्षांचा होऊन १९३४ मध्ये गेला.

ट्रान्झिस्टर_जालना

फिलिपिनो संगीतकार होसे मासेदा राहिला. त्यानं १ जानेवारी १९७४ ला एकच रचना वीस भागांत ध्वनिमुद्रित करून मनिलाच्या वीस रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी लावली. लोकांनी आपापला ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात यायचं, प्रत्येकानं वेगळं केंद्र लावायचं, आणि गर्दी हेच वाद्य. रचनेचं नाव 'उग्नायान'. आमच्या गावात त्या काळी बैलाच्या शिंगाला ट्रान्झिस्टर अडकवून वखर हाणायचे, त्यामुळं मला तो माणूस लगेच आपला वाटला.

कलाशिक्षक_केज

तुम्हा तिघांचे आभार. मी काल संध्याकाळी पाचच्या सुमारास वर्ग मैदानात नेला. त्या मुलीलाच उन्हाकडं पाठ करून उभं केलं. पायाखाली आधी नुसती माती, मग घरून नेलेली पांढरी चादर. चादर पसरली तशी पोरं ओरडलीच, "सर, नाक दिसलं!" एकेकानं येऊन बघितलं. हनुवटीखाली, नाकपुडीला, डोळ्याच्या खोबणीत खालून उजेड चढला होता आणि केसांच्या कडेनं पिवळी रेघ होती ती तशीच. चादर काढली की तोंड परत विझायचं. सात-आठ वेळा काढायला आणि घालायला लावली.

ती मुलगी काही बोलली नाही. आज सकाळी चित्र घेऊन आली. आई कापूस वेचतीय, सूर्य मागं, आणि ओटीत कापूस गच्च भरलेला. त्या पांढऱ्या कापसावरून उजेड आईच्या तोंडावर आलाय. म्हणाली, "आमच्यात पाणी कुठलं सर, पण कापूस आहे." हात मात्र तिनं आहेत तसे काढलेत, बोंडांनी ओरखडलेले. नांदेडकर काका, तुमची तक्रार मी वर्गात सांगितली होती.

फोटो बहिणीला पाठवला. तिच्या मैत्रिणीनं रात्री कॉलवर ते गाणं पूर्ण म्हणून दाखवलं. तिचाही मुलगा आजीजवळ असतो म्हणे, सहा वर्षांचा.

आता एक अडलंय. हनुवटीखालच्या उजेडाला तिनं नुसता पांढरा लावलाय, तो खडूसारखा मेलेला दिसतोय. त्यात थोडा पिवळा घालायला सांगू, की गुलाबी? पोस्टर कलरच आहेत तिच्याकडं, बारा बाटल्यांचे. कुणी केलं असेल तर सांगा, शनिवारी तास आहे.