मदत हवी आहे: सत्रअखेरच्या वार्तापत्राची पीडीएफ ६२ एमबी होतेय, आणि मराठी तुटतंय

शालेय_टिपण
सत्र संपत आलंय, पालकांना पाठवायचं वार्तापत्र तयार आहे, पण पीडीएफ ६२ एमबीची होतेय. ईमेलला जोडली जात नाही. सगळे फोटो लहान करून झाले, काही कापूनही घेतले, फरक शून्य. ऑनलाइन कॉम्प्रेस करणाऱ्या साइटवर टाकली तर ५ एमबी होते, पण अक्षरं धूसर येतात, फोनवर मोठं करून वाचवत नाही. त्यात काही पालकांच्या फोनवर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसताहेत. परवा पाठवायचंय. नेमका उपाय सांगा. "फोटो कमी करा" हे उत्तर नको, प्रत्येक वर्गाचा फोटो जायलाच हवा.

पिक्सेल_मोजणारा
कशात केलंय ते आधी सांगा. वर्ड, पब्लिशर, कॅनव्हा, इनडिझाइन, प्रत्येकात कारण वेगळं निघतं. पानं किती, फोटो किती? फोटो थेट फोनमधून आले, व्हॉट्सॲपवरून आले, की स्क्रीनशॉट आहेत? आणि "लहान केले" म्हणजे कोपरा धरून आत ओढले का? तसं केलं असेल तर पानावर फोटो लहान दिसतो, फाइलमध्ये तो मूळ आकाराचाच राहतो.

निळी_शाई
कॅनव्हावर करा, प्रश्नच मिटेल. डाउनलोड करताना 'पीडीएफ स्टँडर्ड' निवडा, 'पीडीएफ प्रिंट' नको. प्रिंटवाली छपाईसाठी असते, ती मोठीच येणार.

पिक्सेल_मोजणारा
@निळी_शाई, तयार मजकूर दोन दिवसांत दुसरीकडे नव्याने मांडायचा म्हणजे सगळी प्रुफं पुन्हा तपासायची. मुलांची नावं, तारखा, सगळंच. आत्ता ते नको. आहे त्या फाइलमध्येच दुरुस्ती होईल.

घडीपत्रक
पानांची संख्या ४ च्या पटीत ठेवा: ४, ८, १२. मधोमध पिन मारायची असेल तर एका ए-३ कागदाला घडी घातली की ए-४ ची चार पानं होतात. ९ पानं केलीत तर तीन कोरी राहतील. कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड ठेवा, म्हणजे तो कापण्याच्या रेघेबाहेर तेवढा वाढवा, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ राहते. नावं आणि तारखा कडेपासून निदान ८-१० मिमी आत.

शालेय_टिपण
@घडीपत्रक, छापायचं नाहीये. फक्त ईमेल आणि व्हॉट्सॲप.
@पिक्सेल_मोजणारा, वर्डमध्ये केलंय. पानं १०, फोटो २६. काही वर्गशिक्षकांनी थेट फोनमधून दिलेत, काही व्हॉट्सॲपवरून, दोन-तीन कॉपी-पेस्ट केलेले. हो, कोपरा ओढूनच लहान केलेत. फोटोंना सावली आणि गोल कडा दिल्यात.

पिक्सेल_मोजणारा
मग दुखणं कळलं. आधी हिशेब बघा. ए-४ कागद २१० मिमी रुंद. दोन्ही कडांना १५ मिमी सोडले की १८० मिमी उरतात. दोन रकाने आणि मध्ये ६ मिमी जागा धरली तर एक रकाना ८७ मिमीचा. इंचाला २०० पिक्सेल धरले तरी त्या रकान्यातल्या फोटोला सुमारे ७०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. पूर्ण रुंदीच्या फोटोला १४००. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो, म्हणजे रकान्याला लागतात त्याच्या तीसपटीहून जास्त पिक्सेल तुम्ही प्रत्येक फोटोमागे वाहून नेताय.

कोणता फोटो जड आहे ते शोधायला वर्ड फाइलची एक प्रत काढा. तिचं शेवटचं 'डॉट डॉक्स' खोडून 'डॉट झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया'. फोटो आकारानुसार लावा. मला खात्री आहे, सगळ्यात वर पीएनजी फाइली असतील. कॉपी-पेस्ट केलेला फोटो वर्ड बरेचदा पीएनजी म्हणून ठेवतं, आणि तोच फोटो जेपीजीपेक्षा कितीतरी पट जड होतो. २६ पैकी तीन-चारच फोटो निम्मा भार घेऊन बसलेले असतात.

मग मूळ वर्ड फाइलमध्ये:

कुठल्याही फोटोवर क्लिक करा, वर 'पिक्चर फॉरमॅट' उघडा, त्यात 'कॉम्प्रेस पिक्चर्स'. 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ही खूण आधीच केलेली असते. ती काढा, नाहीतर एकाच फोटोवर काम होतं आणि बाकी २५ तसेच. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स' ही खूण हवीच. क्रॉप केल्यावर कापलेला भाग नुसता झाकलेला असतो, फाइलमध्ये तो पूर्ण असतो. रेझोल्यूशन २२० किंवा १५० निवडा. ९६ नको, सामूहिक फोटोत मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येणार नाहीत.

यानंतर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'इमेज साइज अँड क्वालिटी' शोधा. तिथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर खूण असेल तर काढा आणि 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा' वर खूण करा. पीएनजी झालेले फोटो मात्र हटवा आणि मूळ जेपीजी 'इन्सर्ट' मधून पुन्हा घाला. पेस्ट करू नका.

सावलीही काढा. पीडीएफ करताना सावली आणि पारदर्शक पट्ट्यांचं चित्र बनतं, आणि त्या चित्रात शेजारची अक्षरंही ओढली गेली की मजकूर जड आणि धूसर, दोन्ही होतो. फोटोला साधी अर्ध्या पॉइंटची करडी चौकट द्या, नीटच दिसते.

अक्षरजुळारी
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच बघितलं नाही. इंग्रजी अक्षरं दिसताहेत ती सगळ्या मजकुरात, की ठरावीक भागात? आणि पालकांकडे नेमकी कुठली फाइल गेली? पीडीएफ पाठवायची बाकी आहे म्हणताय, मग त्यांच्या फोनवर दिसतंय ते काय?

शालेय_टिपण
तपासायला वर्ड फाइल वर्गशिक्षकांना दिली होती, ती काहींनी पुढे पाठवली. इंग्रजी अक्षरं फक्त मुख्याध्यापकांच्या मनोगतात आणि निकालाच्या सूचनेत दिसतात. बाकी मराठी व्यवस्थित. तो मजकूर कार्यालयातून टाइप होऊन आला होता. माझ्या संगणकावर सगळं बरोबर दिसतं.

अक्षरजुळारी
तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा त्याच जातीचा. या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, त्यांना वरून मराठी अक्षरांचं रूप दिलेलं असतं. तुमच्या संगणकावर फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं, फोनवर नाही म्हणून खालचा सांगाडा उघडा पडतो. खात्री करायची तर तो परिच्छेद निवडून फॉन्टचं नाव बघा, किंवा कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका.

पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे दिसायला ठीक दिसेल. पण तरी तसं पाठवू नका. पालकाने 'निकाल' शब्द शोधला तर सापडणार नाही, तारीख कॉपी करून घरच्या गटात टाकली तर कचरा उमटेल, आणि ज्यांना फोन वाचून दाखवतो अशा दृष्टिहीन पालकांना त्यातलं काहीही कळणार नाही. निकालाची सूचनाच त्या फॉन्टमध्ये आहे, म्हणून जास्त महत्त्वाचं.

परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणारं साधन) वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या मराठी संकेतांत, आणा आणि मग ओळन् ओळ वाचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे चुका ठरावीक जागी होतात: जोडाक्षरावरची पहिली वेलांटी ('स्थिती', 'उपस्थित'), रफार ('वर्ग', 'मार्गदर्शन'), 'ऱ्या' ('येणाऱ्या' चं 'येणार्या'), आणि आकडे. आकडे सगळ्यात आधी बघा, कारण चुकलेला शब्द वाचणाऱ्याला कळतो, चुकलेली तारीख कळत नाही. मुलांची नावं हजेरीपटाशी ताडा. मनोगत आणि सूचना मिळून दीड-दोन पानंच असतील तर मी म्हणेन, सरळ नव्याने टाइप करा. तपासण्यापेक्षा लवकर होतं.

फॉन्ट मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. मंगल पडद्यावर चालतो, पण ठळक केला की जोडाक्षरं दाटतात.

निळी_शाई
मुक्त नाही, 'मुक्ता'. आणि मजकुराला कोकिळा वापरला तर जागा वाचते.

अक्षरजुळारी
मुक्ताच, बरोबर. कोकिळा मात्र नको. त्याची अक्षरं त्याच पॉइंटला बरीच लहान दिसतात. १२ ला लावलात तर फोनवर मुंगी होईल, १६ ला लावावा लागेल, मग जागा कुठे वाचली?

सोपंच_बरं
एवढा खटाटोप कशासाठी? पालकांना तीनच गोष्टी हव्या असतात: शाळेचा शेवटचा दिवस, निकालाची वेळ, पुढचं सत्र कधी सुरू. त्या संदेशातच लिहा. दहा पानांची पीडीएफ उघडून आठव्या पानावर तारीख शोधायला लावणं हा पालकांवर अन्याय आहे.

घडीपत्रक
संदेश गटात दोन तासांत वर वाहून जातो. वार्तापत्र राहतं, आजी-आजोबा बघतात, मुलं स्वतःचा फोटो शोधतात. वर्षभराचं काम दिसायला नको का?

सोपंच_बरं
दिसू दे की. पण काम दाखवणं वेगळं आणि सूचना देणं वेगळं, दोन्ही एकाच फाइलीत कोंबलं की सूचना हरवते. आणि संदेश वाहून जात नाही, व्हॉट्सॲपवर तो पिन करता येतो: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. गटात फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं ठेवा, म्हणजे 'धन्यवाद' च्या रांगेखाली दबणार नाही.

लिहिताना 'पुढच्या सोमवारी' लिहू नका. शनिवारी वाचणारा एक सोमवार धरतो, मंगळवारी वाचणारा दुसरा. वार, तारीख, महिना, वेळ, चारही लिहा. 'सुट्टी अमुक तारखेपासून' यातही घोळ होतो. 'शाळेचा शेवटचा दिवस' आणि 'शाळा पुन्हा भरण्याचा दिवस' असे दोन दिवस द्या. शेवटच्या दिवशी शाळा लवकर सुटणार असेल तर सुटण्याची वेळ त्याच ओळीत, बस त्या वेळेला येणार का तेही. सगळ्यात जास्त फोन याच एका गोष्टीसाठी येतात.

पालक_प्रतिनिधी
फोटोंबद्दल कुणी बोललंच नाही. २६ फोटोंतल्या सगळ्या मुलांच्या पालकांची संमती आहे का? ज्यांनी नाही म्हटलंय त्यांची यादी समोर ठेवून फोटो बघा. मूल मागच्या रांगेत असलं तरी आहेच. चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र देऊ नका, 'सहावी अ ची विज्ञान प्रदर्शनातली मांडणी' एवढं पुरे. पाठीमागच्या फळ्यावर किंवा सूचनाफलकावर कुणाचा पत्ता, गुण, फोन नंबर दिसत नाही ना, ते मोठं करून बघा. पीडीएफ एकदा गटात गेली की परत घेता येत नाही.

निळी_शाई
गुणवंतांची नावंही देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पहिले तीन छापायचे आणि बाकीच्यांनी काय करायचं?

घडीपत्रक
तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा. इथे परवा फाइल जायची आहे.

शालेय_टिपण
फाइल ५.४ एमबी झाली! 'मीडिया' मध्ये खरंच चार पीएनजी होते, सगळ्यात मोठा १४ एमबीचा. मनोगत नव्याने टाइप करून घेतलं. संमतीची यादी कार्यालयाकडून आली, एक फोटो बदलला. तारखांचा संदेश वेगळा जाईल. आता ईमेलला थेट जोडू की ड्राइव्हची लिंक देऊ?

पिक्सेल_मोजणारा
५.४ ला जोडणं चालेल. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी पाठवताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ च्या आत असलेली बरी. पत्ते बीसीसी मध्येच टाका, नाहीतर प्रत्येक पालकाचा पत्ता सगळ्यांना दिसेल. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच जातं, पालक जास्त असतील तर दोन दिवसांत वाटून पाठवा.

अक्षरजुळारी
मी लिंकच्या बाजूने. पाठवल्यावर एखादं नाव चुकलेलं सापडतंच. जोडलेली फाइल गेली ती गेली. ड्राइव्हवर त्याच फाइलच्या 'मॅनेज व्हर्जन्स' मधून दुरुस्त पीडीएफ चढवली की लिंक तीच राहते. जुनी काढून नवी टाकू नका, लिंक बदलते आणि जुनी उघडणाऱ्याला काहीच मिळत नाही. शेअरिंग 'एनीवन विथ द लिंक', 'व्ह्यूअर' असं करा. 'रिस्ट्रिक्टेड' राहिलं तर परवानगीच्या विनंत्यांचा पाऊस पडेल. लिंक पाठवण्याआधी लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा.

पालक_प्रतिनिधी
मुलांचे फोटो असलेली लिंक 'एनीवन' ठेवायची म्हणजे ती कुणाच्याही हाती जाऊ शकते. निदान महिन्याभराने शेअरिंग बंद करा, आणि तसं संदेशात आधीच लिहा, म्हणजे ज्यांना ठेवायचंय ते उतरवून घेतील.

सोपंच_बरं
तारखांच्या संदेशात पाठवल्यानंतर चूक सापडली तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत तोच संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतर मात्र जुना सगळ्यांसाठी डिलीट करा आणि नव्याच्या पहिल्या ओळीत 'सुधारित' लिहून काय बदललं ते सांगा. दोन्ही संदेश गटात राहिले तर निम्मे पालक जुन्या वेळेला येतील.